महामार्गालगतचा फुकट मुक्काम

मुंबई-आग्रा रस्त्यावर कसारा घाटाच्या माथ्यापासून मालेगावपर्यंत, किंवा त्या रस्त्याला फुटलेल्या कोणत्याही फाट्यावर, खोली न घेता आणि भाडे न देता काढलेल्या रात्रीला फुकट मुक्काम म्हणतात. त्याला छप्पर लागत नाही. पाणी जवळ असले तर बरे. शौचालयाचा प्रश्न पहाटेपर्यंत तहकूब ठेवलेला असतो. मुक्काम करणाऱ्याकडे एक सतरंजी, एक पांघरूण, पाण्याची बाटली आणि आपण कुठले, कोणाचे व इथे कशाला आलो याचे पटण्याजोगे उत्तर, एवढे सामान असावे लागते. पहिल्या तीन वस्तू ऐनवेळी मागून मिळतात. चौथी घरूनच आणावी लागते.

नाशिकपुरता या प्रकाराचा सर्वांत जुना दाखला पंचवटीचा. अयोध्येच्या थोरल्या राजपुत्राने पत्नी आणि धाकट्या भावासह गोदावरीकाठी पर्णकुटी बांधली. जागेची शिफारस अगस्त्य ऋषींसारख्या जाणकाराने केलेली होती, पाणी हाकेच्या अंतरावर होते, सावलीला वड होते आणि भाडे नव्हते. तरीही उघड्यावरच्या मुक्कामात जे जे होऊ शकते ते सगळे तिथे झाले. परिसरातली एक बाई चौकशीला आली, बोलण्यातून बोलणे वाढले, तिचे भाऊबंद माणसे घेऊन आले, आणि शेवटी घरातली पुरुषमंडळी बाहेर गेलेली पाहून भिक्षेकऱ्याच्या वेषात आलेल्याने डाव साधला. अनोळखी जागी सगळ्यांनी एकदम झोपू नये, एकाने जागे राहावे, हा नियम लक्ष्मणापासून चालत आला आहे. आजकाल तो ट्रकचा किन्नर पाळतो. निदान पाळतो असे ड्रायव्हरला वाटते.

त्यानंतरच्या काळात मोठा फरक पडला तो जमिनीच्या मालकीत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे कोट्यवधी एकर मोकळी जमीन आहे. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवस गाडी लावून फुकट राहता येते, आणि कोणी विचारायला येत नाही. नाशिक जिल्ह्यात कोणी विचारायला येत नाही अशी जागा नाही. जे शेत नाही ते गायरान आहे, गायरान नाही ते वनखात्याचे, वनखात्याचे नाही ते पाटबंधाऱ्याचे, आणि उरलेला मुरुमाचा पट्टा महामार्गाचा. महामार्गाच्या जमिनीवर विनापरवाना बस्तान मांडायला २००२ च्या कायद्याने बंदी आहे. राखीव वनात विस्तव पेटवणे १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि अभयारण्यात तर परवानगीशिवाय शिरताच येत नाही. कायद्याच्या नजरेने पाहिले तर रात्री पाठ टेकायला जिल्ह्यात इंचभर जागा शिल्लक राहत नाही. प्रत्यक्षात रोज रात्री हजारो माणसे या रस्त्याच्या कडेला घोरत असतात.

याचा उलगडा असा, की इथे मुक्काम जमिनीवर होत नाही, माणसाकडे होतो. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवर एखादी रात्र तंबू ठोकण्याची मुभा आहे. अट एवढीच की तो घरापासून लांब असावा, म्हणजे घरच्यांना त्रास नको. निफाड तालुक्यात ही सभ्यता नेमकी उलट चालते. वस्तीपासून लांब, अंधारात, गाडीचे दिवे मालवून उतरलेला माणूस हा चोर, मोटारीची केबल कापणारा किंवा पळून आलेले जोडपे यांपैकी काहीतरी असतो. तोच माणूस दिवेलागणीला थेट ओट्याशी येऊन ‘बाबा, इथंच पडलो तर चालंल का?’ असे म्हणाला, तर तो पाव्हणा होतो. पाव्हण्याला जागा मिळते, बाज मिळते, न मागता पिठलं-भाकरी मिळते. मोबदला म्हणून फक्त उत्तरे द्यावी लागतात.

उत्तरांचा क्रम ठरलेला आहे. ‘कोण गावचे पाव्हणं?’ हा पहिला प्रश्न. गावाचे नाव सांगितल्यावर त्या गावात कोणी ओळखीचे निघते का याचा शोध सुरू होतो, आणि तो बहुधा यशस्वी होतो, कारण नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही माणसाचा साडू, आतेभाऊ किंवा निवृत्त सहकारी महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात असतो. मग नोकरी, पगार, मुले, मुलांची लग्ने. गाडीच्या नंबरावरूनही बरेच ठरते. मुंबई-ठाण्याच्या गाडीकडे कीव येऊन पाहिले जाते. सर्वांत अवघड परिस्थिती एमएच १५ची. नाशिकचीच गाडी नाशिकपासून चाळीस किलोमीटरवर रात्री का थांबली आहे, याला समाधानकारक उत्तर नसते. ‘मग घरी का नाही गेले?’ या प्रश्नानंतर घरात भांडण झाले आहे असे धरून चालतात आणि आवाज खाली आणून चहा पुढे करतात.

तंबू असल्यास प्रश्नावलीत भर पडते. निळ्या-नारिंगी रंगाचा घुमटाकार तंबू, तीन पायांची कॅमेऱ्याची घोडी आणि हातात मोबाइल घेऊन बांधावर उभा असलेला तरुण, हे दृश्य परदेशात छंदाचे मानले जाते. समृद्धी महामार्ग, सुरत-चेन्नई महामार्ग आणि नाशिक-पुणे रेल्वे या तिन्हींच्या भूसंपादनाची चर्चा ऐकलेल्या तालुक्यांत ते मोजणीचे मानले जाते. सिन्नरच्या बाजूला असा तंबू उभारला की पंधरा मिनिटांत माणसे जमतात, आणि तंबूवाल्याला सूर्योदयाचे फोटो काढायचे आहेत यावर त्यांचा विश्वास बसत नाही. सूर्य रोज उगवतो; त्यासाठी मुंबईहून माणूस येत नाही. शेवटी जाणता शेतकरी खालच्या आवाजात विचारतो, ‘तसं सांगू नका, पण आमच्या गटातून जातोय का?’

आता जागा. यांत पहिला मान ढाब्याचा. घोटीपासून चांदवडपर्यंतच्या ढाब्यांवर नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेल्या खाटा असतात आणि खाटेला भाडे नसते. ते शेवभाजीत धरलेले असते. जेवणाऱ्याने खाट सोडावी असे कोणी म्हणत नाही, न जेवणाऱ्याला ‘चहा तरी घ्या’ असे दर अर्ध्या तासाने म्हणतात. रस्त्याकडेच्या हवेशीर खाटा नेहमीच्या ट्रकवाल्यांच्या असतात. मोटारीतून आलेल्या कुटुंबाला मागची, जनरेटरजवळची बाजू मिळते. ट्रकवाल्यांना झोपेचे शास्त्र अवगत असते. डिझेलच्या टाकीच्या बाजूला डोके, चपला उशाखाली, आणि मोबाइल अशा खिशात की काढताना स्वतःलाच उठावे लागेल. मोटारवाला काचा वर करून, इंजिन चालू ठेवून, एसीत झोपू पाहतो. त्याला उठवून काच उतरवायला लावणे हे ढाब्यावरच्या रात्रीच्या पोऱ्याचे न सांगितलेले काम आहे, आणि विषारी वायूचा धोका पाहता ते बिलात लावायला हरकत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. तो चालू ठेवून झोपण्याइतके डिझेल मालक देईल, असे मात्र त्या नियमात कुठे लिहिलेले नाही. त्यामुळे ट्रकच्या पोटाखाली चादरीची झोळी बांधून झोपण्याची पद्धत अजून काही वर्षे टिकेल.

पेट्रोलपंप ही दुसरी जागा. उजेड, कॅमेरे, पाणी, शौचालय आणि टायरला हवा, एवढ्या सोयींमुळे बायका-मुले बरोबर असणारे पंपाला पसंती देतात. पंपाची अडचण उजेडाचीच आहे. तिथे रात्र अशी होतच नाही. पहाटे तीनलाही दुपारच्या लग्नासारखा लखलखाट असतो. शिवाय पंपावर चूल पेटवता येत नाही, आणि उघड्यावरच्या मुक्कामात निम्मा आनंद चुलीचा असतो असे चूल न पेटवता येणाऱ्यांचे म्हणणे आहे.

तिसरी जागा देवाची, आणि तिच्यात निवडीला भरपूर वाव. इगतपुरीजवळ घाट चढून आल्यावर घाटनदेवी आहे. तिच्यापुढे हात जोडल्याशिवाय पुढे न जाणारे ड्रायव्हर अजून आहेत. चांदवड हे अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाचे गाव, आणि तिथेच डोंगराच्या कुशीत रेणुकामाता. चांदवडहून मनमाडकडे वळले तर तिथला गुरुद्वारा, जिथे लंगरात बसल्यावर जात, गाव, पगार काहीच विचारले जात नाही. नाशिकच्या माणसाला ही शांतता सुरुवातीला खटकते. खुद्द नाशकात गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. बाबांनी ठिकठिकाणी गोरगरिबांसाठी अशा धर्मशाळा उभारल्या आणि स्वतःसाठी खोपटेही बांधले नाही. म्हणजे फुकट मुक्कामाचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा बांधकाम व्यावसायिक स्वतः कायम उघड्यावरच राहिला.

प्रवाशांना उतरवून घेण्याच्या या धंद्याला इंग्रजांनी १८६७ मध्ये सराई कायदा लावला. त्यातली कलमे वाचनीय आहेत. सराईवाल्याने विहिरी आणि गटारे साफ ठेवावीत, पहारेकरी ठेवावेत, आणि चोरांना आत येण्या-जाण्यास उपयोगी पडतील अशी झाडे व फांद्या तोडून टाकाव्यात. प्रवाशाची झोप कशी व्हावी याबद्दल कायदा गप्प आहे, पण चोराच्या ये-जा करण्याचा एवढा बारकाईने विचार करणारा मसुदा पुन्हा झाला नसेल.

देवाच्या जागेला जोडूनच एक अपवाद नोंदवला पाहिजे. इगतपुरीला महामार्गापासून जवळच धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून आहे. तिथे राहण्याजेवण्याचे पैसे घेत नाहीत. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालते. मात्र मुक्काम दहा दिवसांचा, पहाटे चारला घंटा, आणि बोलायला पूर्ण मनाई. बाकी सगळ्या जिल्ह्यात फुकट मुक्कामाची किंमत बोलून चुकवावी लागते, इथे ती न बोलून चुकवायची असते. ज्यांना ढाब्यावरच्या चौकशीचा कंटाळा येतो त्यांनी हा पर्याय पाहावा. तिसऱ्या दिवशी बहुतेकांना कोणीतरी पगार विचारावा असे वाटू लागते.

शेतातला मुक्काम हा प्रकार अनुभवींसाठीच. नांगरून पडलेले रान मोकळे दिसते म्हणून त्यात सतरंजी पसरणाऱ्याला महावितरणचे वेळापत्रक माहीत नसते. शेतीपंपांना वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात मध्यरात्रीनंतर वीज येते, बॅटरी घेऊन शेतकरी बारे द्यायला निघतो, आणि पाव्हण्याला पहिली जाग पाठीखालच्या ओलाव्याने येते. दुसरी शक्यता बिबट्याची. गोदाकाठच्या उसात बिबटे राहतात, पिल्ले वाढवतात आणि रात्री कुत्री नेतात. रात्री रानात एकट्याने जाऊ नये, जाताना काठी-बॅटरी ठेवावी, मोबाइलवर गाणी लावावीत, असे वनखाते सांगते. त्यामुळे निफाडच्या शिवारात मध्यरात्री उसाच्या कडेने भजन ऐकू आले तर ते भक्तीचेच असेल असे नाही.

शेतातल्या मुक्कामाचे खरे जाणकार मेंढपाळ. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे घोड्यावर लादलेला संसार, कोंबड्या, कुत्री, कोकरे आणि शेदोनशे मेंढ्या, रस्त्याने सरकत असतात. ते रात्री ज्याच्या शेतात मेंढ्या बसवतात तो शेतकरी त्यांच्याकडून भाडे घेत नाही. उलट लेंडीखत मिळते म्हणून धान्य किंवा पैसे तोच देतो. जगभरात गाडी, तंबू आणि गॅसच्या शेगडीवर लाखो रुपये घालून फुकट जागा शोधणारे पुष्कळ आहेत. झोपण्याचे पैसे मिळवणारा पाहायचा असेल तर तो चांदवडच्या माळावर पाहावा. यात एकच तांत्रिक अडचण आहे: मेंढ्या बरोबर असाव्या लागतात.

कांद्याच्या हंगामात पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजार समित्यांबाहेर वेगळीच वसाहत उभी राहते. सकाळच्या लिलावात नंबर लागावा म्हणून आदल्या रात्रीच ट्रॅक्टरची रांग लागते. ट्रॉलीवर ताडपत्री, ताडपत्रीवर घोंगडी, घोंगडीवर मालक. खाली कांद्याचे उंचवटे टोचत असतात, पण झोप न येण्याचे कारण ते नसते. शेजारच्या ट्रॉलीवरचा माणूस रात्री बारा वाजता कालचा भाव सांगतो, एक वाजता निर्यातीबद्दल ऐकलेले सांगतो, आणि दोन वाजता दोघेही उठून तंबाखू मळतात. या रांगेत चुकून घुसलेल्या पर्यटकाने सकाळी निघताना आपण कांदा का लावत नाही याचे उत्तर तयार ठेवावे.

पायी चालणाऱ्यांचे मुक्काम संघटित असतात. पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरकडे निघतात त्या ऐन थंडीत. त्याच सुमारास निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि वर्तमानपत्रांत द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो येतो. दिंडीचा मुक्काम शाळेत, मंदिराच्या सभामंडपात किंवा कोणाच्या तरी पडवीत, आणि पंगत गावाकडून. इथे चौकशी कमी होते, कारण प्रत्येकाची जागा गेल्या वर्षी कोण कुठे घोरत होता यावरून ठरलेली असते. चैत्रात सप्तशृंगगडाकडे खानदेशातून लोटणारी गर्दी उन्हामुळे रात्री आणि पहाटे चालते, दुपारी झाडाखाली आडवी होते. त्या दिवसांत वाटेवर ठिकठिकाणी मांडव लागतात आणि सरबत, कलिंगड, खिचडी हातात कोंबली जाते. त्या रस्त्याने नुसते गाडीवरून जाणाऱ्यालाही न खाता पलीकडे पोचणे जमत नाही. मुंबईहून शिर्डीला निघालेल्या पदयात्रांबरोबर गाद्यांचा टेंपो असतो आणि त्यावर ध्वनिक्षेपक. त्यांच्या मुक्कामाच्या दोन-तीनशे मीटर परिघात इतर कोणी झोपण्याचा प्रयत्न करू नये. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरी फेरी या विषयात बसत नाही, कारण तीत लोक रात्रभर चालतात आणि कोणी झोपतच नाही.

यांपैकी काहीच जमले नाही तर नाशिक शहरात मुंबई नाक्याजवळ एसटीचे स्थानक आहे. त्याचे नावच महामार्ग बसस्थानक. महामार्गालगत, फुकट, रात्रभर, या सगळ्या अटी एकाच बाकावर पूर्ण होतात. डासांसाठी पांघरूण डोक्यावरून घ्यावे.

पावसाळ्यात हा सगळा व्यवहार आवरता घ्यावा लागतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो वरूनच पडतो असे नाही. तरीही याच काळात मुंबईकर तंबू घेऊन घाटमाथ्यावर येतात. घोटीवरून भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, काजवे पाहायला जाणारे, आणि वैतरणा किंवा गंगापूर धरणाच्या काठी ‘निसर्गात’ राहणारे, बहुतेक भाड्याच्या तंबूत राहतात. त्या भाड्यात शेकोटी, गिटार आणि न शिजलेले पनीर धरलेले असते. तिथे कोणी ‘कुठले?’ असे विचारत नाही. आधार कार्डाची प्रत घेतात.

नव्या रस्त्याने मात्र या विषयाची मोठी गैरसोय केली आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांतून जातो; त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा, दोन्ही बाजूंना कुंपण, दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी. कसाऱ्याचा घाट सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने टाळला आहे, त्यामुळे घाटनदेवीलाही टाळले गेले. कडेला गाडी लावून सतरंजी पसरली तर थोड्या वेळात गस्तीची गाडी येते, आणि तिच्यातला माणूस गाव विचारत नाही, गाडी हलवायला सांगतो. कुंपणाच्या पलीकडे शेत आहे, शेतात वस्ती आहे, वस्तीवर बाज आहे. पण तिथे पोचायला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन, टोल भरून, मागे यावे लागते. तोवर पाव्हणा शिर्डीला पोचून लॉजमध्ये खोली घेतो.

सरकारने गाडीतल्या मुक्कामाची दखल घेतली नाही असे नाही. महाराष्ट्राचे कारवान पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. त्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि आंघोळीची सोय असलेल्या गाड्या व त्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेले कारवान पार्क यांची तरतूद आहे. अशा पार्कात गाडी लावून रात्र काढायची तर पैसे भरावे लागतात, त्यामुळे तो प्रकार पर्यटनात मोडतो.